स्त्रीधन, कर्ज आणि काडीमोड

आपल्या स्मरणिकेत पाककृती असतात, ओव्या असतात, सहलीचे वर्णन असते. यंदा संपादक भगिनींनी इतिहासावर काही लिहा म्हणून सांगितले, तेव्हा गडकिल्ल्यांपेक्षा आपल्या मांडणीवरच्या भांड्यांचा इतिहास लिहावा असे मनात आले. नवराबायको वेगळी झाली तर घरातले काय कुणाचे आणि देणे कुणी फेडायचे, हा तो इतिहास. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गेल्या वर्षी मंडळात एक वकीलबाई व्याख्यानास आल्या होत्या. त्यांनी सांगितलेले, आणि मग वाचनालयातून पुस्तके आणून वाचलेले, असे मिळून हे लिहिते आहे.

जुन्या शास्त्रकारांनी बायकांच्या मालकीचा विचारच केला नाही, असे आपण सहज बोलून जातो. ते तितकेसे खरे नाही. याज्ञवल्क्यस्मृती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर विज्ञानेश्वर पंडितांनी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मिताक्षरा ही टीका लिहिली. आपल्या महाराष्ट्रातील हिंदू कायदा पुढे कितीतरी शतके या टीकेवर चालला. कर्जाबद्दल स्मृतीत सांगितले आहे की, नवऱ्याने किंवा मुलाने काढलेले कर्ज बाईने फेडावयाचे नाही आणि बाईने काढलेले नवऱ्याने फेडावयाचे नाही; कुटुंबासाठी काढले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. बाईवर बोजा कोणता? जे तिने स्वतः कबूल केले, जे नवऱ्याबरोबर मिळून काढले, किंवा जे तिने एकटीने काढले, तेवढाच. शिवाय गवळी, कलाल, नट, परीट, पारधी यांच्या बायकांनी केलेले कर्ज नवऱ्यांनी फेडावे असे म्हटले आहे, कारण त्या घरांची चूल बायकांच्या कष्टांवर पेटते! घर कुणाच्या जिवावर चालते हे त्या काळच्या पंडितांनाही ठाऊक होते तर!

स्त्रीधनाचे कलम मात्र वाचताना मला बोचले. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास या चार प्रसंगी नवऱ्याने बायकोचे धन घेतले तर ते परत देण्याचे त्याच्यावर बंधन नाही. एरवी घेतले तर परत द्यावे. दुष्काळाचे आणि आजारपणाचे मी समजू शकते. आपण कोण तेव्हा हातातल्या पाटल्या राखून बसू? पण धर्मकार्याच्या नावाखाली किती पाटल्या गेल्या असतील ते देव जाणे. पहिलीवर दुसरी बायको करणाऱ्या नवऱ्यासही तेथे दंड आहे. दुसऱ्या लग्नात जेवढा खर्च होईल तेवढे धन पहिलीला द्यावे, आणि तिला आधी स्त्रीधन मिळालेले असेल तर त्याच्या निम्मे. याला आधिवेदनिक म्हणत.

पण ही झाली ग्रंथांतली गोष्ट, आणि ग्रंथांत सोडचिठ्ठी नव्हती. ती होती आपल्या गावांत. ज्या जातींत पाट लागत असे, त्यांत जातीपुढे काडी मोडून नाते तोडीत. त्यावरून आपला काडीमोड हा शब्द आला. काही जातींत बाईने दुसरा घरोबा केला की नव्या नवऱ्याने पहिल्याचा लग्नखर्च भरून द्यावा असा रिवाज होता. हिशेब चुकता होई, पण तो दोन पुरुषांमधला. बाईने त्या घरात केलेल्या कष्टांचा आकडा त्यात नसे. पुढे १८७६ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला की, लग्न रद्द ठरविण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही.

घटस्फोटाचे कायदे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली, आपल्या मुंबई प्रांतात १९४७ साली, आणि साऱ्या देशासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा. या शेवटल्या कायद्याचे २७ वे कलम आपल्या कामाचे. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेली आणि दोघांच्या समाईक मालकीची जी वस्तू असेल, तिच्याबद्दल न्यायाधीशांनी योग्य वाटेल तसा निवाडा करावा, एवढेच ते सांगते. लग्नानंतर वीस वर्षे राबून उभे केलेले घर या कलमात बसत नाही. घर ज्याच्या नावावर, त्याचे. बाईला पोटगी मागता येते, पण पोटगी म्हणजे वाटा नव्हे. आणि कर्जाबद्दल तर त्या कायद्यात अक्षरही नाही.

आपल्या आया रुखवतातल्या भांड्यांवर मुलीचे नाव कोरून घेत. नव्या मुली त्याला हसतात. परंतु पितळेच्या घागरीवर 'आईवडिलांकडून सप्रेम भेट' असे तारखेसह कोरलेले असले, म्हणजे ती घागर कुणाची हे सांगायला साक्षीदार लागत नाही. १९८५ च्या २ ऑक्टोबरपासून सरकारनेही नियम केला आहे की वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या याद्या कराव्यात आणि त्यांवर दोघांच्या सह्या असाव्यात. मानपानाच्या याद्या आपण किती हौसेने करतो! ही दुसरी यादी केलेली मी अजून एकाही लग्नात पाहिली नाही.

त्याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन हे सर्वस्वी बायकोचे; नवऱ्याकडे ते केवळ ठेवीसारखे असते. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळातील एका बाईचा निकाल लागला. तिला माहेराहून ८९ पवन सोने मिळाले होते, म्हणजे साठ तोळ्यांहून अधिक. जपून ठेवतो म्हणून ते सासरच्यांनी घेतले आणि आपल्या जुन्या देण्यांत घातले. न्यायालयाने तिला २५ लाख रुपये देवविले. अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरले तरी ते किंवा त्याची किंमत परत करणे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असेही सांगितले. लग्न २००३ चे होते. एकवीस वर्षे!

आता आमच्या आळीतली गोष्ट. एक लेक सोडचिठ्ठी घेऊन माहेरी आली. तिची भांडी परत मिळाली, दागिन्यांपैकी थोडे मिळाले. पण नवऱ्याने धंद्यासाठी एका पतसंस्थेतून कर्ज काढले होते, त्याला ही जामीन होती. आता त्याने हप्ते थांबविले की नोटीस हिच्या माहेरच्या पत्त्यावर येते. वकीलबाई म्हणाल्या, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि काडीमोड झाल्याने सही पुसली जात नाही. याज्ञवल्क्यांनी म्हटलेले 'स्वतः कबूल केलेले' ते हेच.

शेजारच्या गोव्यात मात्र तऱ्हा निराळी. तेथे पोर्तुगीजांचा १८६७ चा नागरी कायदा १८७० मध्ये आला. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी तो पुढे चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक होते, आणि वेगळे होताना निम्मी निम्मी वाटली जाते. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर किंवा जमीन विकता येत नाही. दोघांच्या संमतीने काढलेले कर्जही त्या समाईक मिळकतीवरच बसते. म्हणजे अर्धे मागायचे तर अर्धे देणेही आलेच. मला हे रास्त वाटते, जरी आमच्या आळीतल्या लेकीला त्या कर्जातला एक रुपयाही दिसला नव्हता.

आपल्याकडेही बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारे एक विधेयक आले होते. राज्यसभेने ते २०१३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केले. लोकसभेत ते झाले नाही, आणि २०१४ साली ती लोकसभा संपली तसे ते विधेयकही संपले.