अठरा रविवार, अठरा अध्याय
वैयक्तिक ध्येयाचे नियोजन आणि पवनारचा वस्तुपाठ

सेलूहून वर्ध्याकडे निघाले की वाटेत धाम नदीच्या काठी पवनार लागते. विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम येथलाच. भूदानाचे प्रणेते म्हणून विनोबा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु एखादे वैयक्तिक ध्येय कसे आखावे आणि ते कसे पार पाडावे, या दृष्टीने त्यांच्या कामाकडे क्वचितच पाहिले जाते.

गीता सोप्या मराठीत असावी, ही इच्छा त्यांच्या आई रुक्मिणीबाई यांची. त्यांचे निधन १९१८ मध्ये झाले. प्रत्यक्ष 'गीताई'चे लेखन सुरू झाले ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण झाले. इच्छा बारा-पंधरा वर्षे मनात राहिली. काम चार महिन्यांत हातावेगळे झाले. सातशे श्लोक आणि १२३ दिवस, म्हणजे दिवसाला सरासरी सहाहूनही कमी श्लोक. मधल्या काळातील अध्ययन वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. त्या तयारीवाचून रोजचे सहा श्लोकही झाले नसते.

याहून रेखीव उदाहरण १९३२ मधील आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकला नाही. साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. वार, जागा आणि कामाचा वाटा हे तिन्ही आधीच ठरलेले असल्याने दर आठवड्याला नव्याने निश्चय करण्याची गरज उरली नाही.

मानसशास्त्राचा निष्कर्ष याच दिशेचा आहे. एडविन लॉक यांच्या संशोधनानुसार 'जमेल तितके करू' या मोघम संकल्पापेक्षा निश्चित व थोडे अवघड उद्दिष्ट अधिक काम करवून घेते. काम केव्हा, कोठे व कसे करायचे हे आधी ठरविणाऱ्यांचे संकल्प अधिक प्रमाणात तडीस जातात, असे पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले.

तथापि, निश्चित आकडा पुरेसा नसतो, हेही विनोबांच्याच चरित्रातून दिसते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा प्रारंभ झाला. पुढे १९५७ पर्यंत पाच कोटी एकर, म्हणजे देशातील लागवडीच्या जमिनीचा सुमारे सहावा हिस्सा, मिळविण्याचे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात मिळालेली जमीन पन्नास लाख एकरांपर्यंतही पोहोचली नाही, आणि मिळालेली सर्व वाटलीही गेली नाही. आकडा स्पष्ट होता, मुदतही होती. पण देणारा हात दुसऱ्याचा होता. चालणे तेवढे स्वतःच्या हाती होते. ते त्यांनी तेरा वर्षे केले आणि १९६४ मध्ये ते पवनारला परतले.

सेलू परिसरातील शेतकऱ्याला किंवा स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला हा भेद उपयोगी पडावा. 'यंदा एकरी दहा क्विंटल कापूस' हे उद्दिष्ट पावसावर आणि बोंडअळीवर अवलंबून आहे. पेरणीपूर्वी माती तपासून घेणे, दर रविवारी सकाळी कामगंध सापळ्यांतील पतंग मोजून वहीत नोंदविणे, हे मात्र शेतकऱ्याच्या हातचे. निवड होणे जागांच्या संख्येवर ठरते. रोज पहाटे दोन तास वाचन आणि आठवड्याला एक सराव प्रश्नपत्रिका सोडविणे विद्यार्थ्यावर. वहीत दोन रकाने आखावेत : एकात हवे असलेले फळ, दुसऱ्यात त्यासाठीचे काम, त्याचा वार आणि वेळ. आठवड्याअखेर पडताळा घ्यावा तो दुसऱ्या रकान्याचा. काम सलग तीन आठवडे चुकले, तर स्वतःला दोष देत बसण्याऐवजी त्याचा वाटा निम्मा करून पाहावा.