भडभुंज्याची भट्टी ओट्यावर आली

देशावरून येऊन अंधेरी-बोरिवलीत, मुलुंड-घाटकोपरला स्थिरावलेल्या घरांत नागपंचमीच्या लाह्या एके काळी घरीच फुटत. ज्वारी गरम पाण्यातून काढायची, फडक्यात दडपून रात्रभर ठेवायची, सकाळी जराशी सुकवायची. मग सणसणीत तापलेल्या कढईत मूठ मूठ टाकून कापडाच्या बोळ्याने हलवत राहायचं. थोड्या लाह्या ओट्याखाली सापडायच्या, त्या वेगळ्याच!

‘लाही’ हा शब्द संस्कृत ‘लाजा’वरून आलेला. लग्नातल्या लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत साळीच्या लाह्या घालतो. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे हवेतच. बाजारासाठी लाह्या फोडायचं काम करी तो भडभुंजा. भट्टीवर कढई, कढईत तापलेली वाळू, वाळूत धान्य आणि फुटताक्षणी चाळणीवर उपसा. वाळूमुळे दाण्याला चहूबाजूंनी सारखी आच लागते आणि तो करपत नाही.

मका मात्र परका. अमेरिकेतलं हे धान्य भारतात बहुधा पोर्तुगीजांनी आणलं. आज जिला मुंबईची उपनगरं म्हणतात ती साष्टी १५३४ ते १७३७ त्यांच्याच ताब्यात होती. पॉपकॉर्नला मक्याचा जाड सालीचा वेगळा वाण लागतो. दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असतो. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची वाफ साल फोडते. ज्वारी भिजवून दडपणाऱ्या आजीला अंश ठाऊक नव्हते, ओलाव्याचं मर्म ठाऊक होतं. म्हणूनच पॉपकॉर्नचा मका उघड्या पुडीत वाळू देऊ नये. हवाबंद डब्यात ठेवावा.

शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्सने १८९३च्या जागतिक प्रदर्शनात वाफेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र मांडलं. घरगुती गरम हवेचं यंत्र बाजारात आलं ते १९७८ साली, अमेरिकेतच. त्यात तेल नाही, कढई नाही. वाळूचं काम हवा करते आणि दाणे गरगर फिरवते. म्हणून मापाच्या कपापेक्षा जास्त मका घातला की दाणे फिरायचे थांबतात आणि तळाचे करपतात. लोणी, तेल, साखर आत घालणं तर आगीला आमंत्रणच. मीठ-मसाला बाहेर, परातीत. फुटण्याचा आवाज विरळ झाला की बटण बंद करावं आणि दुसऱ्या घाण्याआधी यंत्र निवू द्यावं.

विजेचंही पाहावं लागतं. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ साली स्थापन झाली आणि अंधेरी-बोरिवलीकडच्या घरांत दिवे लावत गेली. जुन्या इमारतींतलं वायरिंग दिवे-पंख्यांच्या हिशेबाने केलेलं, पण पॉपकॉर्नचं १२०० वॉटचं यंत्र पाच अँपिअरहून जास्त वीज ओढतं. ते फ्रिज-गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावं. मिक्सरसोबत एका एक्स्टेंशन बोर्डवर मुळीच नको.

२०१८ साली मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या दरांवरून राज्यभर वाद पेटला. घरी मूठभर मक्यात परात भरते, हे तेव्हा अनेकांनी हिशेब मांडून पाहिलं असेल. मात्र चार वर्षांखालच्या मुलाच्या हाती ही परात देऊ नये. न फुटलेला दाणा श्वासनलिकेत अडकतो.

ज्वारीची गोष्ट वेगळी. तिचा बारीक, हलका दाणा या यंत्रात बहुतेक वेळा फुटण्याआधीच हवेबरोबर बाहेर उडतो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी अजूनही कढईच काढावी लागते.