रात्रभर राहिलेला खिमा

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. प्रोग्रॅम तोच, इनपुट तोच, पण उत्तर वेगळं आलं, की "पुन्हा चालवून बघ" म्हणायचं आणि चहाला जायचं. मीही तेच करत आलोय. पण इलोना बांगा या बाईंनी तसं केलं नाही, आणि त्यामुळे स्नायू कसा आकसतो ते आपल्याला कळलं!

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली, हंगेरीतल्या सेगेड शहरातली. बांगा तिथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गींच्या प्रयोगशाळेत होत्या (१९३७ चं नोबेल मिळवणारे तेच). स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन असतं हे जर्मनीच्या क्यूनेंनी १८६४ मध्येच सांगितलं होतं. स्नायूचा मुख्य माल हाच, असं सगळे धरून चालले होते.

सशाच्या स्नायूचा खिमा मिठाच्या द्रावणात २० मिनिटं ठेवला की पातळ अर्क मिळायचा. एकदा तो रात्रभर तसाच राहिला. सकाळी बघतात तर अर्क घट्ट! त्यात एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, टाकलं की पुन्हा पातळ. या घट्ट अर्काचे धागे काढून त्यांना एटीपी दिलं, तर ते चक्क आकसले. काचेच्या भांड्यात!

१९४२ मध्ये ब्रूनो स्ट्राउब यांनी यातला छुपा भिडू वेगळा काढला : अ‍ॅक्टिन. रात्रभरात हळूहळू विरघळून तो मायोसिनला चिकटत होता. ७८ वर्षं ज्याला एक मॉड्यूल समजत होते, ती दोघांची जोडी निघाली. मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनची पिळदार दोरी पकडून ओढतं. एटीपी येऊन बसलं की पकड सुटते. म्हणजे एटीपी सोडवायलाही लागतं! मेल्यावर ते संपतं, पकड सुटत नाही, म्हणून प्रेत ताठ होतं.

हे सगळं छापलं गेलं सेगेडच्याच छोट्या खंडांत. युद्धामुळे ते बाहेर फारसं पोचलंच नाही. सेंट-ग्यॉर्गी १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करून आले; पुढे गेस्टापो मागे लागल्यावर ते लपून राहिले. जगाला हे काम नीट वाचायला मिळालं ते १९४५ मध्ये, एका स्वीडिश नियतकालिकातून.

असो. शुक्रवारी रात्री लावलेली माझी टेस्ट आज सकाळी वेगळंच काहीतरी सांगतेय. बोट रीस्टार्टवर गेलं होतं, मागे घेतलं. लॉग उघडून बसलोय. चहा नंतर. :)