मुसारामबागेचा रेमाँ

हैदराबादेतली मुसारामबाग एखाद्या मुसाराम शेटजीची असावी, असं तुळजापूर-उमरग्याकडून तिथे जाणाऱ्याला सहज वाटेल. ते आडनाव मात्र फ्रेंच आहे. १७५५ साली गॅस्कनीत जन्मलेला मिशेल झोआकिम मारी रेमाँ निजाम अली खानाच्या कवायती पलटणींचा सरदार झाला आणि १७९८ साली हैदराबादेतच वारला. रेमाँचं राम झालं हे पटतं. लोक अडतात ते ‘मुसा’पाशी. मुसा हे तर मुसलमानी नाव, म्हणजे हा दुसराच कोणी, अशी शंका येते. तिचं उत्तर मराठी कागदांतच आहे. रेमाँच्या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच सेनापती बुसीला त्यांत ‘मुसाबुसी’ म्हटलेलं आढळतं. फ्रेंचांचं ‘मस्य’ हे संबोधन दख्खनी जिभेवर केव्हाच मुसा झालं होतं. मग हिंदूंनी रेमाँला मुसाराम केलं, मुसलमानांनी मुसा रहीम. परक्या आडनावाला आपलं करून घेतलं, म्हणून ते टिकलं.

नुसत्या पराक्रमाने ते टिकलं नसतं. रेमाँची गाजलेली लढाई आपल्या, म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या, उंबऱ्याशीच झाली. ११ मार्च १७९५ रोजी निजामाची फौज खर्ड्याहून परंड्याकडे निघाली असता मराठ्यांनी तिला गाठलं. रेमाँच्या पलटणी नेटाने लढल्या, पण निजामच मागे फिरल्यावर त्यांचाही इलाज उरला नाही. समोर शिंद्यांच्या पलटणींवर पेरोन, तोही फ्रेंच. तरी खर्डा खर्डाच राहिला, परंडा परंडाच. फौजा आल्या तशा गेल्या. हैदराबादेत मात्र रेमाँ राहिला, त्याने शिपायांचे पगार भागवले, तोफा ओतल्या. जिथे त्या ओतल्या तो भाग अजून गनफाउंड्री म्हणूनच ओळखला जातो. ‘जे. आर.’ ही अक्षरं कोरलेलं त्याचं थडगंही हैदराबादेतच आहे.

यावर कोणी म्हणेल, नाव हुकमानेही लागतं. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याचं नाव आपल्या जिल्ह्याला लागलंच होतं. खरं आहे, आणि ते फक्त कागदावर नव्हतं; कित्येक पिढ्यांनी आपला जिल्हा उस्मानाबाद म्हणूनच सांगितला. पण त्याच्या जोडीला धाराशिवही बोलण्यात जिवंत राहिलं, आणि एका सरकारने दिलेलं नाव २०२३ साली दुसऱ्या सरकारने बदललं. मुसाराम हे रूप कोणत्याही दरबाराने ठरवलेलं नव्हतं. ते बोलता बोलता घडलं. निजामशाही गेली, भाषावार राज्यं झाली, तरी मलकपेठ आणि दिलसुखनगर यांच्यामधल्या एका मेट्रो स्थानकाला मुसारामबाग हेच नाव मिळालं.