शरणपूरचे आफ्रिकी रहिवासी

नाशिकमधील शरणपूर हे नाव आज एक वस्ती व एक रस्ता एवढ्यापुरतेच परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील अनेक मुलांचे बालपण येथे गेले, ही गोष्ट मात्र विस्मृतीत गेलेली दिसते. महाराष्ट्रातील आफ्रिकी वंशीयांचा विचार बहुधा मलिक अंबर व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यापाशीच थांबतो. सत्ताधाऱ्यांचा इतिहास लिहिला गेला. पोरक्या मुलांचा राहून गेला.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये शरणपूर वसविले. अरबी समुद्रातील ब्रिटिश युद्धनौका गुलामांची गलबते पकडीत व सोडविलेल्यांपैकी काहींना मुंबईस उतरवीत. त्यांतील कित्येक मुले पुढे शरणपुरी आली. लेखन-वाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम ती येथेच शिकली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावे मिळाली आणि जन्मनावे मागे पडली. त्यांच्या विस्मरणाचा आरंभ येथूनच होतो.

जेकब वेनराइट हा या शाळेचा विद्यार्थी. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत निवर्तला, तेव्हा वेनराइटने प्रार्थना वाचली, झाडावर स्मृतिलेख कोरला व रोजनिशीत प्रसंग नोंदविला. सोबत्यांनी शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीस तो उपस्थित होता. चरित्रग्रंथांनी या मंडळींस 'विश्वासू नोकर' म्हणून गौरविले. परंतु घटनेची लेखी साक्ष ठेवणाऱ्यास नोकर एवढेच म्हणणे अपुरे होय.

इतरांचे कार्यही उपेक्षणीय नाही. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे १८६४ मध्येच मोंबासाकडे गेले. १८८५ मध्ये दोघांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८७५ मध्ये मोंबासानजीक मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन वसले, तेव्हा शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. तेथे ती 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखली गेली. आफ्रिकेने त्यांच्या नावात मुंबई जपली; नाशिकने मात्र आफ्रिका जपली नाही.

या विस्मृतीचे कारण उघड आहे. वस्तीच निघून गेल्याने स्मृतीस वारस उरला नाही, आणि कागदपत्रे मुख्यतः मिशनऱ्यांच्या दृष्टीने लिहिली गेली. म्हणून ती वाचताना उपकारकर्त्यांच्या वर्णनामागील माणसे शोधणे अगत्याचे आहे. त्यांना दयेचा विषय न मानता नाशिकचे नागरिक म्हणून नोंदविणे, हाच त्यांचा खरा सन्मान ठरेल.