आठशे वर्षे उभे असलेले लाकूड

कुंपणाचा जुना लाकडी खांब उपटून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. वरचा भाग बराचसा धड असतो, खोल गेलेले टोकही पुष्कळदा शाबूत असते. कुजतो तो जमिनीलगतचा वीतभर भाग. असे का? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा, दोन्ही लागतात. वर हवा आहे, पण ओल टिकत नाही. खोलवर ओल आहे, पण हवा कमी. जमिनीलगत मात्र दोन्ही मिळतात.

हे निरीक्षण मनात ठेवून आपण पश्चिम नॉर्वेतील लार्दाल खोऱ्यात, बोर्गुंड या खेड्यात जाऊ. तेथील चर्च संपूर्ण लाकडी आहे. त्याच्यासाठी वापरलेले पाइन वृक्ष ११८०-८१ च्या हिवाळ्यात तोडलेले होते. इतके नेमके कसे कळले? झाड दरवर्षी एक वलय वाढवते; चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम एका प्रदेशातील झाडांत सारखाच आढळतो. तो ज्ञात कालक्रमाशी जुळवला आणि सालीखालचे शेवटचे वलय शाबूत असले, की झाड कोणत्या वर्षी पडले ते सांगता येते. शेवटचे वलय पूर्ण वाढलेले असेल तर तोड हिवाळ्यातली.

नॉर्वेतील आधीच्या चर्चचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असत. उर्नेस येथील चर्चखाली उत्खननात अशा खांबांचे खड्डे सापडले आहेत. ते खांब अर्थातच बुडाशी कुजले. पुढच्या सुतारांनी यातून धडा घेतला. त्यांनी आधी दगडी पाया रचला, त्यावर आडव्या तुळयांची चौकट बसवली आणि खांब त्या चौकटीवर उभे केले. लाकडाचा मातीशी संबंधच तुटला. भिंतींच्या उभ्या फळ्या तुळईच्या खाचेत बसवल्या. खांब एकमेकांशी फुलीच्या आकाराच्या आडण्यांनी जखडले, म्हणजे वाऱ्याने सांगाडा तिरका होणार नाही. उतरत्या छपरांवर छपरे चढवली, म्हणजे बर्फ व पाणी घसरून जाईल. बाहेरून डांबर फासले तेही पाइनपासूनच काढलेले. आढ्यांच्या टोकांना क्रूस आहेत, तसेच ड्रॅगनची मुंडकीही.

हे चर्च बांधले तेव्हा कॅथलिक होते. १५३६-३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने आपल्या राज्यात, म्हणजे नॉर्वेतही, ल्यूथरचा पंथ लागू केला. खेड्यातील इमारत तीच राहिली, पण उपासना बदलली. लॅटिनऐवजी डॅनिश भाषा आली, प्रवचनाला महत्त्व आले. प्रवचन ऐकायचे तर बसायला हवे आणि वाचायचे तर उजेड हवा. मूळ चर्चमध्ये उंचावर फक्त लहान गोल झरोके होते. मग प्रवचनपीठ आले, बाक आले, खिडक्या पाडल्या गेल्या. वेदीवरील चित्रफलक १६५४ सालचा आहे.

धोका आला तो एकोणिसाव्या शतकात. १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये गावातील ठरावीक प्रमाणात लोक मावणे आवश्यक केले. चिमुकली लाकडी चर्चे त्यात बसेनात. अनेक पाडली गेली. बोर्गुंडला १८६८ मध्ये शेजारी नवे चर्च झाले. जुने मात्र वाचले. १८७७ मध्ये प्राचीन वास्तू जतन करणाऱ्या संस्थेने ते विकत घेतले. एके काळी अशी चर्चे शेकड्यांनी होती. आज नॉर्वेत २८ उरली आहेत. मूळची फोर्टून गावातली आणि पुढे बर्गेनजवळ हलवलेली अशीच एक वास्तू ६ जून १९९२ रोजी आग लावून जाळण्यात आली. आठ शतके ओलीशी झुंजलेले लाकूड एका रात्रीत राख झाले.

बोर्गुंडच्या दुरुस्तीत आणखी एक घटना घडली. इमारत पुन्हा 'मध्ययुगीन' दिसावी म्हणून नंतरच्या खिडक्या, बाक आणि माळा काढून टाकले गेले. सुतारकाम मोकळे दिसू लागले, हे खरे. पण तीन शतके तिथे बसून प्रवचन ऐकणाऱ्या शेतकऱ्यांच्या खुणा त्याबरोबर गेल्या. जुनी वास्तू जतन करायची म्हणजे तिचे कोणते वय जतन करायचे? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. आपल्या गावातील एखादे जुने देऊळ, वाडा किंवा शाळेची इमारत डोळ्यांसमोर ठेवली, तर उत्तर वाटते तितके सोपे नाही हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात येईल.