आगाहोझो–शालोम युवाग्राम

आगाहोझो–शालोम युवाग्राम : रवांडातील अनाथ व निराधार किशोरवयीन मुलामुलींसाठी वसवलेले गाव. राजधानी किगालीच्या पूर्वेस, रवामागाना जिल्ह्यातील रुबोना भागात, 144 एकर डोंगरउतारावर ते वसले असून तेथून मुगेसेरा सरोवर दिसते. किन्यारवांडा भाषेत ‘आगाहोझो’ म्हणजे जिथे अश्रू पुसले जातात ती जागा. ‘शालोम’ हा शांतता या अर्थाचा हिब्रू शब्द.

रवांडात 1994 च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत तुत्सींचा वंशसंहार झाला आणि साधारण 8 लाख माणसे मारली गेली. मागे राहिलेल्या पोरक्या मुलांची संख्या लाखांत होती. कित्येक घरांत थोरले भावंडच, स्वतः अजाण वयाचे असताना, धाकट्यांचे आईबाप झाले. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या आणि न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेल्या ॲन हेमन यांनी 2005 मध्ये एका व्याख्यानात ही परिस्थिती ऐकली. ज्यू वंशसंहारानंतर पोरक्या झालेल्या मुलांना इस्राएलने युवाग्रामांत वाढवले होते, हे त्यांना तेव्हा आठवले. हैफाजवळचे येमिन ओर्द (स्थापना 1953) हे युवाग्राम त्यांनी नमुन्यादाखल घेतले. तेथे वाढलेले इथिओपियन ज्यू तरुण सुरुवातीच्या काळात रवांडात मदतीला आले. स्वतः पोरकेपण किंवा परागंदा होणे अनुभवलेल्या माणसांनी ही घडी बसवली, याचे मोल इमारतींपेक्षा अधिक मानावे लागते. डिसेंबर 2008 मध्ये 125 मुलांनिशी गाव सुरू झाले; पुढे ही संख्या सुमारे 500 वर गेली.

याला वसतिगृह म्हणणे बरोबर होणार नाही. येथील मूळ घटक घर आहे. अशी 32 घरे असून प्रत्येकात एक ‘मामा’ राहते. किन्यारवांडात मामा म्हणजे आई. सुरुवातीच्या अनेक मामांनी वंशसंहारात नवरा आणि मुले गमावलेली होती. त्यामुळे घर मुलांना मिळाले तितकेच त्यांनाही मिळाले. प्रत्येक घराला थोरला भाऊ किंवा थोरली बहीण म्हणून एक तरुण कार्यकर्ता असतो आणि वर्षभरासाठी येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाला मुले आतेमामे भावंडासारखे मानतात. रात्री सगळे घर एकत्र बसते. दिवसभरात काय झाले ते बोलायचे आणि दुसऱ्याचे ऐकायचे, एवढाच त्या बैठकीचा नेम. पुण्यासह जगभर पसरलेल्या एसओएस बालग्रामांतही घर चालवणारी आई असते. मात्र तेथे मूल लहानपणीच येऊन वाढते. येथे मुले चौदा-पंधराव्या वर्षाच्या आसपास येतात आणि चार वर्षे राहतात. बालपण हरवून आलेल्या मुलाला थोड्या अवधीत ‘आपले घर’ देण्याचे हे काम अवघड आहे.

गावाची माध्यमिक शाळा टेकडीच्या वरच्या अंगाला असून मुलांना रोज चढून शाळेत जावे लागते. पहिले वर्ष मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी राखलेले असते. त्याची गरज उघड होती : शिक्षणात खंड पडलेला, आणि गाव सुरू झाले त्याच सुमारास देशाने शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी केलेले.

गाव आपल्या पायावर उभे राहावे, हा हेतू पहिल्यापासून होता. भाजीपाला, मका, केळी आणि गाईंचे दूध शेतातून मिळते. त्याने ताट भरते, पण शिक्षकांचे पगार निघत नाहीत. म्हणून गावाने आपल्या जमिनीचा एक भाग सौरऊर्जा प्रकल्पाला भाड्याने दिला. 28,360 पटलांचा, 8.5 मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प 2 कोटी 37 लाख डॉलर खर्चून सुमारे वर्षभरात उभा राहिला. सूर्यामागे फिरणारी ही पटले अशी मांडली आहेत की वरून आफ्रिका खंडाचा आकार दिसतो. वीज राष्ट्रीय जाळ्यात जाते; 2014 मध्ये ती देशाच्या वीजनिर्मितीक्षमतेच्या सुमारे 6 टक्के होती. हेमन यांचे त्याच वर्षी जानेवारीत घोड्यावरून पडून निधन झाले आणि प्रकल्प पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. भाड्यातून गावाच्या खर्चाचा काही भाग भागतो. उरलेला भार अजूनही देणग्यांवर आहे.

आता येणारी मुले 1994 नंतर जन्मलेली आहेत. दारिद्र्य, आजार किंवा आईवडिलांचा मृत्यू यांमुळे आधार तुटलेल्या मुलामुलींची निवड देशाच्या सर्व जिल्ह्यांतून केली जाते.